धाकट्याच्या तोंडवळ्याचे कोकरू

मित्रांनो, प्रार्थनामंदिरात शिरल्यावर समोर पांढऱ्या कापडाखाली जे जुने मेज दिसते ना, ते मी. तुमचे डोळे माझ्यावर ठेवलेल्या पावाकडे आणि प्याल्याकडे जातात, माझ्याकडे सहसा कोणी पाहत नाही. त्याचा मला राग नाही. पण आज थोडा वेळ असेल तर माझे ऐका. बरीच वर्षे एक गोष्ट माझ्या पोटात आहे, आणि लाकूड कितीही मुके असले तरी आतून करकरतेच.

मी आधी एका गोदामाचे दार होते. गोदाम पाडले तेव्हा एका सुताराने ते दार हातगाडीवर घालून घरी आणले. सुतार अबोल होता, पण रंधा मारताना गुणगुणायचा, आणि सूर चुकला की स्वतःशीच हसायचा. त्याने माझ्या अंगातले गंजके खिळे उपसले, भोके भुसा आणि सरस घालून बुजवली, मला चार भक्कम पाय दिले. मंदिरातले आधीचे मेज वाळवीने खाल्ले होते, म्हणून मला तिथे जायचे होते. पण काम पुरे होईपर्यंत मी सुताराच्याच घरी मुक्कामाला होते.

त्या घरात त्याची बायको शिलाईचे मशीन चालवायची. सगळी वस्ती तिला शिलाईबाई म्हणायची. त्यांना दोन मुलगे. थोरला माझ्या पायांमधून गाडी गाडी खेळत पळायचा. धाकटा नुकताच बसायला लागला होता आणि हाती येईल ते तोंडात घालत होता.

तेव्हाचे म्हातारे पाळक एकदा काम बघायला आले. मेजाच्या दर्शनी फळीवर कोकरू कोरायचे आणि त्याचे चारही पाय दोरीने बांधलेले दाखवायचे, असे त्यांनी सांगितले.

"बांधायलाच हवेत का?" सुताराने विचारले.

"बलिदानाचं कोकरू आहे ते, देवाच्या पुत्राची खूण. सगळ्यांची शिक्षा त्यानं स्वतःवर घेतली. सुटं कोकरू कुरणात शोभतं, मेजावर कशाला?"

सुताराने मान डोलावली. पाय जमले, दोरी जमली, तोंड मात्र काही केल्या जमेना. शेवटी समोर बसलेल्या धाकट्याकडे बघत बघत त्याने ते उरकले. शिलाईबाई पाहायला आली आणि हसत सुटली.

"अहो, हे कोकरू कुठलं? हा तर आपला धाकटा! नुसते कान लांब केलेत."

"राहू दे," सुतार म्हणाला. "पाळकांचा चष्मा जुना आहे."

मग मी मंदिरात आले. माझी वाहवा झाली. नवी जोडपी माझ्यापुढे उभी राहिली, तान्ही मुले माझ्यासमोर आशीर्वादाला आणली गेली, आणि ज्यांना निरोप द्यायचा त्यांच्या पेट्याही माझ्याच पुढ्यात ठेवल्या गेल्या. त्यात एक पेटी सुताराची होती. छातीच्या दुखण्याने तो लवकर गेला. तेव्हापासून माझ्यावरचे कापड धुण्याचे आणि इस्त्री करण्याचे काम शिलाईबाईने मागून घेतले. दर शनिवारी दुपारी ती यायची, कापड अंथरायची, आणि कोकराच्या तोंडावरून पदराने धूळ पुसायची. इतर कोणी पुसले तर तिला चालायचे नाही.

मुले मोठी झाली. थोरला बेकरीची गाडी चालवू लागला. बोलका, गडबड्या, सगळीकडे उशिरा पोहोचणारा आणि पोहोचल्यावर सगळ्यांना हसवणारा. त्याचे लग्न झाले. धाकटा त्याच बेकरीत भट्टीवर लागला. रविवारी माझ्यावर ठेवायचा पाव तो स्वतः भाजून आणायचा. तो पाव इतका ताजा असायचा, की त्याची ऊब कापडातून माझ्या लाकडापर्यंत यायची. खरे सांगू? आठवडाभर मी त्या उबेची वाट पाहायचे.

नवे पाळकही आले. तरुण, झिजक्या बुटांचे, बोलताना टाचा उचलणारे. त्यांचे प्रवचन लोकांना आवडायचे. "अपराध आपला होता," ते म्हणायचे, "आणि देव न्यायी आहे. न्यायाला शिक्षा हवीच. ती एका निरपराध्यानं भोगली, म्हणून आपण सुटलो." हे मी इतक्यांदा ऐकले होते, की ते माझ्यात पॉलिशसारखे मुरले होते. त्यात काही विचारण्यासारखे आहे, असे मला कधी वाटलेच नाही.

एका सकाळी शिलाईबाई अवेळी आली. मागे दोघे मुलगे होते. मंदिरात दुसरे कोणी नव्हते. थोरल्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

आदल्या संध्याकाळी पुलाच्या वळणावर त्याच्या गाडीने एका मुलीला उडवले होते. घड्याळे दुरुस्त करणाऱ्या घड्याळजीची ती एकुलती एक लेक. शिकवणीहून घरी चालली होती. थोरला थांबला नाही.

"घाबरलो, आई," तो म्हणत होता. "उतरणार होतो, खरंच उतरणार होतो. पण पायानं ऐकलंच नाही."

"पोरगी कशी आहे?"

"जिवंत आहे. दवाखान्यात आहे. पण तिचा पाय…"

गाडीचा फुटलेला दिवा सापडला होता आणि पोलीस बेकरीत विचारून गेले होते. गरजेला धाकटाही ती गाडी चालवायचा, आणि त्या संध्याकाळी कोण होते हे पोलिसांना ठाऊक नव्हते. हे सगळे ऐकून धाकटा शांतपणे म्हणाला, "मी सांगतो, मीच होतो म्हणून."

"वेड लागलंय का तुला?" आई ओरडली.

"आई, नीट ऐक. दादाचं बाळ अजून मान धरत नाही. वहिनी अंथरुणावर आहे. माझ्यामागं कोण आहे? तू. आणि तू तर दादालाही आहेस."

थोरल्याने नको म्हणायला तोंड उघडले, आणि मिटले. आईने एकाकडे पाहिले, मग दुसऱ्याकडे. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. तिने माझी कड धरली होती आणि तिची नखे माझ्यात रुतत होती. धाकट्याने तिचे हात हळूच सोडवले, आणि तो गेला.

त्याला तुरुंगवास झाला.

मित्रांनो, त्यानंतरचे रविवार मला नकोसे झाले. पाव दुकानातून यायचा, पिशवीतला, थंडगार, आधीच कापलेला. मी कापडाखाली उभे राहून त्या उबेची आठवण काढायचे. पण माझे दुःख ते काय! शिलाईबाई शनिवारी यायची आणि कोकरापुढे मांडी घालून बसायची. त्याच्या बांधलेल्या पायांवरून बोट फिरवायची. "थंडी पडली रे," असे काहीतरी पुटपुटायची, जणू तुरुंगाची खिडकी त्याच फळीत होती.

घड्याळजीची मुलगी काठीच्या आधाराने परत मंदिरात यायला लागली. ती कडेच्या जागेवर बसायची, कारण तिचा पाय गुडघ्यात वाकत नव्हता. एकदा उपासना संपल्यावर घड्याळजी शिलाईबाईजवळ आला. ठेंगणा, भिडस्त माणूस, भिंग लावून लावून एका डोळ्याभोवती कायमचे वळ पडलेला. तो म्हणाला, "बाई, तुमच्या मुलावर माझा राग आहे. पण त्यानं निदान कबूल तरी केलं. एवढं तुमच्या संस्कारांना मानलं पाहिजे."

तो गेल्यावर शिलाईबाई माझ्यावरचे आधीच सरळ असलेले कापड पुन्हा सरळ करत राहिली.

आणि थोरला? तो सुटला होता ना? त्याच्या वाटची शिक्षा भोगली गेली होती. प्रवचनाप्रमाणे तो मोकळा झालेला असायला हवा होता. पण तो मागच्या बाकावर बसायचा आणि 'निरपराधी' हा शब्द आला की उठून बाहेर जायचा. विनोद संपले होते. बायको कुजबुजत सांगायची, की हा बाळाला उचलूनच घेत नाही, हात धुतले नाहीत म्हणतो. हात तर दिवसभर धूत असतो. त्याला कोणी एका शब्दाने बोलत नव्हते, आणि तेच त्याला आतून पोखरत होते. वाळवी कशी काम करते ते मेजाला कोणी सांगायला नको.

एका शनिवारी दुपारी शिलाईबाई कापड अंथरत होती. पाळक व्यासपीठावर उद्याचे प्रवचन मनाशी घोळवत होते. ते म्हणाले, "मावशी, जरा ऐका हं, पटतंय का सांगा. न्यायाधीशासमोर अपराधी उभा आहे. तेवढ्यात एक निरपराधी पुढे येतो, म्हणतो, याच्या जागी मी. न्यायाधीश ते मान्य करतो आणि अपराध्याला सोडून देतो. केवढी कृपा!"

शिलाईबाईने कापडाची सुरकुती सरळ केली. "त्या न्यायाधीशाला माहीत असतं?"

"काय?"

"की हा निरपराधी आहे म्हणून."

"अर्थात. देवच तो."

"मग तो न्यायाधीश कसला, पाळकसाहेब? माझ्या धाकट्याला ज्यांनी आत टाकलं, त्यांना निदान माहीत तरी नव्हतं."

पाळकांच्या टाचा खाली टेकल्या. आणि तिथेच, कापडाचे टोक हातात धरून, तिने सगळे सांगितले. पाळक पायरीवर बसले.

"मावशी," ते म्हणाले, "हे दोन्ही एक नाही हो. देवाचा पुत्र स्वतःहून गेला. आणि बाप आणि मुलगा तिथं एकच आहेत. देवानं दुसऱ्या कोणाला पुढं केलं नाही, स्वतःच आला."

"माझाही स्वतःहूनच गेला. प्रेमानं गेला, ते मला कळतं. म्हणून तर जीव तुटतो. त्याच्या प्रेमाबद्दल मी विचारतच नाही. मी विचारते, ती शिक्षा मागणारा कोण होता? कोणाचं तरी अंग फोडल्याशिवाय ज्याला माफ करता येत नाही, त्याला माफ करणं येतं असं कसं म्हणायचं?"

"पण पाप काही फुकट पुसलं जात नाही ना? कोणाला तरी सोसावं लागतंच."

"लागतं," ती लगेच म्हणाली. "मी नवी होते तेव्हा एका बाईचा लग्नाचा पोशाख माझ्या इस्त्रीनं जाळला. आदल्या दिवशी. मी तिच्या पायाशी बसून रडले. ती पण रडली. मग म्हणाली, राहू दे, डागावर एक फूल शिव. फूल लावून बोहल्यावर उभी राहिली, आणि सगळ्यांचे प्रश्न तिनं हसून झेलले. तिनं सोसलं, पाळकसाहेब. ज्याचं नुकसान तोच सोसतो आणि माफ करतो. तिनं माझ्याऐवजी माझ्या शेजारणीला झोडपलं असतं, आणि मग म्हणाली असती, जा, आता तुझं माफ, तर मी आयुष्यभर त्या शेजारणीच्या दारावरून जाऊ शकले नसते. माझा थोरला तसाच झालाय. त्याला स्वतःच्या घरात शिरता येत नाही."

पाळक कोकराकडे बघत होते. इतक्या वर्षांत त्यांनी ते प्रथमच नीट पाहिले असावे. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला.

"याचं तोंड…" ते म्हणाले.

"हो," शिलाईबाई म्हणाली. "बापानं कोरलंय."

पाळकांनी दुसऱ्या दिवशी प्रवचन दिले नाही, नुसती प्रार्थना केली. जाताना त्यांनी शिलाईबाईला विचारले, "थोरल्याला माझ्याकडे पाठवाल?"

"पाठवत नाही," ती म्हणाली. "घेऊन येते."

पुढच्या रविवारी लोक पांगल्यावर घड्याळजी आणि त्याची मुलगी पाळकांच्या विनंतीवरून मागे थांबले. आई थोरल्याच्या दंडाला धरून पुढे आली. मी मध्ये होते. एका बाजूला ते दोघे, दुसऱ्या बाजूला हे. थोरला एकदम म्हणाला, "काका, गाडी मी चालवत होतो."

घड्याळजीला आधी समजलेच नाही. समजले तेव्हा त्याची मूठ माझ्यावर आदळली, प्याला कलंडला. "आणि मी तुझ्या आईचं कौतुक केलं! तिच्या तोंडावर! इतके दिवस दुसराच कोणी सजा भोगतोय आणि तू मागच्या बाकावर बसून गाणी ऐकतोस?"

शिलाईबाई म्हणाली, "मलाही बोला, भाऊ. मीही गप्प बसले."

पण मुलीने वडिलांच्या बाहीला धरून त्यांना मागे ओढले. ती थोरल्याकडे पाहत होती. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच तो ऐकवत नव्हता.

"कोणाला शिक्षा झाली, ते बाबांनी मला दवाखान्यात येऊन सांगितलं," ती म्हणाली. "म्हणाले, आता न्याय झाला. मला काहीच वाटलं नाही. मला वाटलं माझ्यातच काही बिघडलंय. त्या संध्याकाळी मी रस्त्यावर पडले होते ना, तेव्हा तुमच्या गाडीचा मागचा दिवा मला लांबपर्यंत दिसत होता. मला एवढंच वाटत होतं, की तो थांबावा. कोणीतरी उतरावं आणि माझ्याजवळ बसावं. मला दुसरं काहीच नको होतं. अजूनही रोज मला तेवढंच हवं असतं, आणि ते आता कोणीच देऊ शकत नाही."

थोरला खाली बसला, फरशीवर, तिच्या काठीपाशी. माफ कर, असे म्हणण्याचीही त्याला हिंमत झाली नाही. ती लगेच निघून गेली नाही. वडील दारात उभे राहून हाका मारत होते, आणि ती थोडा वेळ तशीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी थोरला पोलिसांकडे गेला. आई आणि पाळक बरोबर होते. खोटे सांगितल्याबद्दल धाकट्यालाही उत्तर द्यावे लागले, त्यामुळे तो लगोलग सुटला नाही. सुटला तेव्हा थोरला आत गेलेला होता. शिलाईबाईची ओढ तीच राहिली, नुसता आतला मुलगा बदलला होता.

धाकटा घरी आला तो धुमसतच. शनिवारी तो आईबरोबर आला आणि माझ्यासमोरच भडकला. "मग मी आत कशाला सडलो? दादाला वाचवलं होतं मी! सगळं फुकट घालवलंस तू."

"फुकट नाही रे," आई म्हणाली. "तुझ्याएवढं प्रेम त्याच्यावर कोणी केलं नसेल. पण तुझ्या जाण्यानं तो सुटला नव्हता, बाळा. नुसता बाहेर होता."

धाकट्याने पाठ फिरवली. मग त्याने विचारले, "बाळाला आता घेतो का तो?"

"भेटीच्या दिवशी काचेला हात लावतो. बाळ पलीकडून लावतं."

पुढे पाळकांनी ते प्रवचन दिले. टाचा न उचलता, अडखळत. "देवाला रक्त हवं होतं, असं मी यापुढं सांगणार नाही," ते म्हणाले. "त्याच्या पुत्राला मारलं ते माणसांनी. आणि मारणाऱ्यांच्यात उभा राहूनही तो माफ करत राहिला. माफी आधीच होती, ती त्या मरणानं विकत घ्यावी लागली नाही. मला सगळं उमगलंय असं नाही. मी शोधतो आहे."

गायकवृंदाचे म्हातारे प्रमुख जागच्या जागी उठून उभे राहिले. "मग इतकी वर्षं आम्ही काय गायलो?" त्यांनी विचारले. "माझ्या वाटचं कोणीतरी भोगलंय, या एका धीरावर माझी बायको शांतपणे गेली. तो धीर तुम्ही काढून घेणार?"

पाळक व्यासपीठावरून खाली उतरून त्यांच्याजवळ गेले. "नाही, दादासाहेब. ज्याच्या खांद्यावर डोकं ठेवून त्या गेल्या, तो खांदा आहेच. तो मी कसा काढेन?"

म्हातारबुवांचे समाधान झाले नाही. काही रविवार ते आलेच नाहीत. नंतर आले, पण एक जुने गाणे ते अजून डोळे मिटून, मुद्दाम मोठ्याने गातात. पाळक त्यांना थांबवत नाहीत. मला दोघेही आवडतात.

आता शेवटचे सांगते. गेल्या शनिवारी शिलाईबाई कापड घेऊन आली, आणि तिच्याबरोबर घड्याळजीची मुलगी होती. दोघी तुरुंगातल्या भेटीहून परस्पर इकडे आल्या होत्या. मुलीनेच म्हटले होते, मलाही यायचंय. वडिलांना ते पसंत नव्हते, तरी त्यांनीच तिला बसपर्यंत सोडले. मुलगी बाकावर पाय लांब करून बसली, आणि शिलाईबाई पाळकांना सांगू लागली.

"हिनं त्याला काय विचारलं माहितेय? म्हणाली, त्या दिवशी तुम्ही गाडीतून उतरला असतात, तर मला काय म्हणाला असतात?"

"मग?"

"तो रडायलाच लागला. बोलेचना. ही थांबून राहिली. मग काचेला तोंड लावून म्हणाला, घाबरू नकोस. मी इथंच आहे. कोणीतरी येईपर्यंत मी जात नाही."

पाळकांनी मुलीकडे पाहिले. ती खिडकीबाहेर बघत होती. "उशिरा म्हणाले," ती म्हणाली. "पण म्हणाले."

शिलाईबाईला त्या दिवशी कापड काही नीट अंथरता आले नाही. एक बाजू खाली लोंबत राहिली. कोणी ती सरळ केली नाही.

मित्रांनो, जुन्या लाकडाला जपा, ओल लागू देऊ नका, हे तर मी मागेनच. पण त्याआधी एक मागते. कोणी चुकले तर त्याच्या जागी उभे करायला दुसरे कोणी शोधू नका. आणि तुम्ही स्वतः चुकलात, तर गाडी थांबवा. उतरा. ज्याला लागले आहे त्याच्याजवळ जाऊन बसा. तेवढ्याची जागा दुसरे कोणतेही बलिदान भरून काढत नाही, आणि तेवढ्यासाठी माणसे फार वाट पाहतात.

थोरला अजून सुटून यायचा आहे. शनिवारी दुपारी बाहेर पावले वाजली की शिलाईबाईचा हात कापडावर थांबतो. मग पावले पुढे निघून जातात, आणि ती पुन्हा सुरकुत्या सारू लागते.